कूलरसमोरचं यंत्र

चेरीताल मोहल्ल्यातल्या गुणवंत खापऱ्यांनी फॅक्टरीत एकतीस वर्षं गेज तपासले. ज्या गेजनं मालाचं माप घ्यायचं तोच घासलेला असेल, तर माल पास झाला काय अन् नापास झाला काय! म्हणून रोज सकाळी मालाला हात लावायच्या आधी ते गेज पुसून, मोजून घेत. नापास वस्तूला लाल चिठ्ठी बांधताना ना साहेब पाहिला, ना दोस्त.

निवृत्तीनंतर हाच माणूस घरच्या बैठकीत बुद्धिबळाच्या प्रोग्रामांच्या लढती लावू लागला. बायको हेमलता म्हणाली, "आता कम्प्युटरलेही चिठ्ठ्या बांधता का?"

"बांधीन ना. काहून नाही?"

दोन कम्प्युटर, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. मेमरी सारखी, वेळ सारखी. सुरुवातीच्या चाली ठरवून दिलेल्या, आणि तीच सुरुवात दोनदा, काळे-पांढरे मोहरे बदलून. समोरचा प्रोग्राम विचार करत असताना दुसऱ्यानं डोकं चालवायचं नाही. कटनी-सागरहून पोरं आपापले प्रोग्राम घेऊन येत, कारण खापरेकाकांकडे हरलेलाही कुरकुर करत नसे.

एका मे महिन्यात अंतिम लढतीत त्यांचीच लेक होती. लतिकानं दोन वर्षं खपून लिहिलेली 'रेवा' आणि दीक्षितपुऱ्याच्या मुरलीधरचा 'गजराज'. दहा डावांत रेवा साडेसहा-साडेतीननं जिंकली. हेमलतानं खव्याच्या जलेबीचा डबा उघडला.

गुणवंत नोंदी पाहत बसले होते. गजराज सकाळी सेकंदाला पटावरच्या आठ लाख स्थिती तपासत होता, दुपारी साडेपाच लाख. रेवा मात्र सकाळी होती तशीच. त्यांनी गजराजच्या यंत्राला हात लावला अन् चटका बसल्यासारखा मागे घेतला. तापलं की यंत्र मंदावतं. मग कूलरकडे पाहिलं. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांतून गार हवा थेट रेवाच्या यंत्रावर येत होती. दर उन्हाळ्यात लतिका त्या कोपऱ्यात अभ्यासाला बसे. यंदाही कूलर मांडताना त्यांच्या हातानं त्याचं तोंड आपोआप तिकडेच वळवलं होतं.

त्यांनी निकालाच्या कागदाला लाल चिठ्ठी टाचली.

"बाबा, ये क्या कर रहे हो?" लतिकाचा आवाज चढला. "मी काय चीटिंग केली?"

"तू नाही. कूलर मी ठेवला."

मुरलीधर अवघडला. "रहने दो काका, मी तसाही हरलोच असतो."

"ते तुले कसं माहीत? मलेच माहीत नाही!"

लतिका पाय आपटत आत गेली. हेमलतानं डब्याचं झाकण लावलं. गुणवंतांनी कूलर ओढत मधोमध आणला, पण पोरीचं उतरलेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

थोड्या वेळानं लतिका स्वतःच बाहेर आली. डोळे लाल. "फक्त कूलर सरकवून काय होते? एखादं यंत्रच ढिलं असलं तर? दर दोन डावांनी यंत्रं अदलाबदल करा. अन् स्पीड उतरली तर डाव रद्द. कोणाचाही असो."

गुणवंतांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. एवढं त्यांनाही सुचलं नव्हतं. "लिहून दे," ते म्हणाले, "सही करून."

रविवारी पुन्हा दहा डाव झाले. गजराज साडेपाच, रेवा साडेचार. लतिकानं पहिली जलेबी मुरलीधरच्या हातावर ठेवली. "अगले साल देखना, भैया."

चषक दीक्षितपुऱ्यात गेला. खापऱ्यांच्या बैठकीत लाल चिठ्ठीचा तो कागद फ्रेम करून लावलाय, अन् खाली लतिकाच्या अक्षरातला नियम. नव्या पोरांना गुणवंत आधी तिथं उभं करतात.

"हा नियम आमच्या पोरीनं केला," म्हणतात, "अन् त्याच नियमानं ती हरली, बरं का!"