सावलीमामांचं बटण

स्टेशनाबाहेरच्या पार्किंगवर मामांचं राज्य होतं. असं कुणी म्हटलं की ते लाजायचे, पण होतं खरं! सकाळी लोक धापा टाकत यायचे, स्कूटर लावायचे, हँडल मुद्दाम लॉक न करता गाडी पकडायला पळायचे. का? तर ऊन फिरलं की मामा एकेक स्कूटर ढकलत सावलीत न्यायचे. दमूनभागून आलेल्या माणसाला सीटचा चटका बसू नये, एवढंच. म्हणून नाव पडलं सावलीमामा. घरी मामी म्हणायच्या, "परक्यांच्या स्कूटरींचे एवढे लाड! माझी खुर्ची सरकवलीत कधी?"

मग तिथे नवी यंत्रणा आली. जागेजागेला नंबर, जमिनीत सेन्सर, खांबावर कॅमेरा. आपली गाडी कुठल्या नंबरावर आहे, ते फोनच सांगणार. यंत्रणा बसवणारी इंजिनियर मामांच्या लेकीच्या वयाची. तिनं बजावलं, "मामा, आता गाड्यांना हात लावायचा नाही. गोंधळ झाला तर साहेब इथे माणूस ठेवणार नाहीत." मामांनी अगदी मनापासून मान डोलावली.

पण हातांना कोण सांगणार? दोन-चार दिवसांतच ऊन असं तापलं की मामांना राहवेना. लोकांनीही सवयीनं हँडलं मोकळीच सोडलेली. मामांनी अर्धं पार्किंग इकडचं तिकडे केलं आणि मोठ्या समाधानानं चहा घेतला.

संध्याकाळी स्टेशनात गाडी आली. जो तो फोन नाचवत आपल्या नंबरावर गेला, तर तिथे भलत्याचीच स्कूटर!

"मामा, माझी लाल कुठाय?"

"मामा, हे कुणाचं धूड माझ्या जागेवर?"

"आहे की, सावलीतल्या रांगेत," म्हणत मामा ऐटीत वळले. बघतात तर सूर्य कलंडलेला, सावली सगळीकडेच पसरलेली! आता कुठली रांग न् कुठलं काय. मामा या रांगेतून त्या रांगेत पळू लागले. नोकरी गेली, हे त्यांनी धरूनच टाकलं.

इंजिनियर धावत आली. तिचीही स्कूटर बेपत्ता. सगळ्यांबरोबर तीही शोधत फिरली. सापडली तेव्हा रागानं धपकन बसली, आणि सीटवरून हळूच हात फिरवू लागली.

"थंड आहे हो, मामा."

"मग? उन्हात कशी ठेवू, पोरी?"

दुसऱ्या दिवशी ती एक फोन घेऊन आली. त्यात नवीन बटण होतं. "गाडी हलवायची झाली की आधी नंबर प्लेटचा फोटो काढायचा, नवी जागा निवडायची, हे दाबायचं. साहेबांना सांगितलंय, सावलीची सोय आता यंत्रणेतच आहे."

"म्हणजे... मी राहिलो?"

"मग ढकलणार कोण? सेन्सर?"

मामांचं राठ बोट त्या काचेला काही केल्या कळेना. शेवटी करंगळीनं जमलं. हल्ली दुपारी बघा, मामा फोनशी बोलत असतात, "अगं, ही निळी पलीकडे नेतोय बरं का, टिपून घे." टुंग वाजेपर्यंत अदबीनं थांबतात, मगच ढकलतात.