परत पहिल्या स्टेजपासून

हो, कॉम्प्युटरसमोरच गेले.
आणि नाही, गेम जिंकले नव्हते.

आज ह्यांच्या वर्षश्राद्धाला आलेल्या प्रत्येकानं पंगतीत हळूच हेच विचारलं. म्हणून म्हटलं, सगळ्यांना इथंच एकदा सांगून टाकते. मुलीनं मोबाईलवर मराठी टाइप करायला शिकवलंय, त्याचा एवढा तरी उपयोग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ह्यांना नाद एकच. पिक्चर आवडला की त्याच पिक्चरचा गेम आणायचा.
पिक्चर भारी. गेम भंगार.
दर वेळी!

धुळ्याहून इकडं वापीजवळ नरोलीला आलो, एका खोलीत संसार मांडला, तेव्हापासूनची गोष्ट. घरात फ्रिजच्या आधी कॉम्प्युटर आला. तोही सेकंडहँड. मी माठातलं पाणी पीत होते आणि हे सिंह मारत होते.

तो सिंहाचा गेम तर विचारूच नका. थेटरात त्या सिंहाला बघून मी ह्यांचा हात गच्च धरला होता. गेममध्ये तोच सिंह शेळीएवढा. आणि झाडात अडकलेला.

मी म्हटलं, "वो, वासोण्याच्या सफारीतला सिंह दिवसभर झोपतो, तरी ह्याच्यापेक्षा जास्त हलतो."
"पुढच्या स्टेजला सुधारतो तो."
नाही सुधारला. पण हे शेवटच्या स्टेजपर्यंत खेळले.

कंपनीची सवय, दुसरं काय. धाग्याच्या कंपनीत मशीनवर होते. धागा तुटत असेल तर शिफ्ट संपली तरी निघायचे नाहीत. पुढच्या माणसाच्या हातात मशीन द्यायची ती चालूच.
एका लक्ष्मीपूजनाला मी ताट वाढून बसले, आणि हे आले दुसऱ्या शिफ्टवाल्यांसोबत.
"काय करू मंगल, धागा तुटत होता."
मी म्हटलं, "लक्ष्मी बसून बसून गेली. पुरी खा आता गार."

डोकमर्डीला फ्लॅट घेतला, केस पिकले, तरी तऱ्हा तीच.

मग हार्टचं निघालं. डॉक्टर म्हणाले, कंपनी बंद, जिने बंद, घरात बसा.
बसले घरात. आणि आणला गेम. पोलिसाचा हिंदी पिक्चर होता एक, तीनदा बघितला होता, त्याचा.

पिक्चरमध्ये तो इन्स्पेक्टर नुसता बघायचा आणि गुंड पळायचे. गेममध्ये त्याच्या मिशा तोंडापासून बोटभर लांब, हवेत. पळायचा असा, जसा काही भर उन्हात डांबरावर अनवाणी. आणि नुसता उभा राहिला तरी छाती वरखाली, वरखाली. धापा.

"तुमच्याआधी ह्याला दाखवा डॉक्टरला," मी म्हटलं.
हे हसले. मग म्हणाले, "दहा स्टेज आहेत. एवढा संपवला की मी मोकळा."

मी उठले आणि ह्यांच्या गोळ्या परत एकदा मोजल्या.

चार महिने खेळले. सातव्या, आठव्या स्टेजला पोचायचे. आंघोळ करून येऊन बघतात तर सगळं गायब. खुर्ची पुढं ओढायचे. मग मशीन बंद पडल्यावर कंपनीत गुजरातीत म्हणायचे तसंच म्हणायचे, "चलो, फरीथी चालू."
परत पहिल्या स्टेजपासून.

मुलगी वापीला असते, रविवारी यायची. तिला राग यायचा.
"पप्पा, फालतू गेम आहे. सेव्हच होत नाही. नेटवर बघा, लोकांनी नुसत्या शिव्या घातल्यात. दुसरा टाकून देऊ?"
"अर्धा कसा सोडू?"
मी पण म्हटलं, "राहू दे गं. खेळू दे."

मग तो सोमवार. सकाळी चहा दिला, तेव्हा खुर्चीत ताठ बसलेले.
"मंगल, आज दहावी स्टेज. आज संपतोच बघ."
"आधी आंघोळ करून घ्या. पाणी तापलंय."
"एवढा व्हिलन मारतो आणि येतो."
"तो कुठं पळतोय? झाडात अडकला असंल."
हसल्याचा आवाज आला.

दोनदा हाक मारली. पाणी गार होतंय म्हणून ओरडले पण.
बाहेर येऊन बघते तर हात माऊसवर, मान खुर्चीला टेकलेली. समोर तो इन्स्पेक्टर उभा. छाती वरखाली, वरखाली.
ह्यांची नाही.

अहो, वर्ष झालं.
कॉम्प्युटर तिथंच आहे, तुमच्या जुन्या लुंगीनं झाकलाय. मुलगी म्हणते देऊन टाक कुणाला तरी. मी ऐकत नाही.
आज वरण-बट्टी केली होती, तूप जरा जास्तच. पान वर ठेवलं आणि कावळा लगेच आला. तुमच्या गेमसारखं लोडिंग लोडिंग नाही केलं.

माझा आणि लेकीचा नमस्कार घ्या. आहात तिथं सुखात राहा. तिथं तरी एखादा बरा गेम मिळू दे तुम्हाला.

आणि एक राहिलंय. पोरी, तू पण वाच.

त्या गेमला लोकांनी घातलेल्या बाकी सगळ्या शिव्या खऱ्या. सेव्ह होत नाही ही तेवढी खोटी. सेव्ह नीट होत होता.

तुम्ही आंघोळीला गेलात की मी येऊन तुमच्या नावापुढची लाल फुली दाबायची. तो विचारायचा, खरंच उडवायचं? यस का नो? सातवी शिकलेल्या बाईला तेवढं इंग्लिश येतं.

तुम्ही मशीन अर्धी टाकून कधी निघाला नाहीत. म्हणून धागा मीच तोडत राहिले.

त्या रविवारी पोरगी दिवसभर घरात होती, जमलं नाही.
सोमवारी उडवणारच होते. तुम्ही आंघोळीलाच गेला नाहीत.