जांभळ्या फुलांचा वटाणा

भावजयीने मूठभर बी दिलं तेव्हा एवढंच सांगितलं, "जुना गावरान वटाणा हाय. माणसाच्या वर जाते. आधार देजा."

आमच्याकडे आधार म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. मी मागच्या अंगणात त्या रोवल्या. वेल त्यांच्या शेंड्यावरून न्हाणीच्या टिनावर चढले. फुलं जांभळी आली. बाजारातल्या वटाण्याला पांढरी येतात, हे मला माहीत होतं. मी लक्ष दिलं नाही.

सुनेला दिवस गेले होते. तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. पहिल्या शेंगांची भाजी मी तिलाच दिली. दाणा गोड, साल थोडी तुरट. ती पोटात टिकली. मग सून रोज मागायला लागली आणि मी रोज देत गेले.

एक दिवस शेजारची म्हातारी वेलाखाली उभी राहिली.

"काय लावलं वो बाई हे? लाख त नाई? लाखेले असंच फूल असते."

"तुले डोयानं दिसते काय धड?"

"मले नाई दिसत, तं तू पाह्य ना."

ती गेली. मला मामा आठवला.

माझ्या मामाचं गाव भंडाऱ्याकडचं. तिकडे धानाच्या बांधीत लाख, म्हणजे लाखोळीची डाळ, पेरतात. एका साली धान गेलं आणि मामाच्या घरी महिनोन्‌महिने लाखेचीच भाकर, लाखेचीच डाळ. त्यात मामाचे पाय गेले. टाचा टेकत नव्हत्या, गुडघे एकमेकांवर घासायचे. मरेपर्यंत तो काठीवर चालला.

आणि मी पोटुश्या बाईला रोज वाटी भरून देत होते.

लाखेचं पान गवतासारखं लांबट असतं. मी वेलाचं पान पाहिलं, ते गोल होतं. तरी भीती गेली नाही. लाख मी लहानपणी पाहिलेली, आठवण चुकत असेल तर? सून अंगणातून चालली की मी तिच्या टाचा बघायचे. एकदा ती ओट्यावर अडखळली आणि माझ्या हातातून पाण्याचा गंज पडला.

"काय झालं, आई? चप्पल सरकली माही."

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. हात पोटावर गेला.

"मंग आतापर्यंत सांगतलं काहून नाई?"

"भेव लागलं."

"अन् मले नाई लागत काय?"

तिने मोबाइलवर वेलाचे फोटो काढून गावच्या कृषी सहायकाला पाठवले. तो बोलला, वटाणाच आहे, जुन्या जातीला असं फूल येतं. लाख असती तरी रोजच्या एका वाटीने पाय जात नाहीत, महिनोन्‌महिने नुसती तीच खावी लागते. सून रडली, मग हसली आणि संध्याकाळी तिने स्वतः शेंगा तोडल्या. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. तिच्या प्रत्येक घासाला माझा जीव वरखाली होत होता.

अकोल्याच्या दवाखान्यात ती बाळंत झाली. नर्सने गुंडाळलेलं लेकरू माझ्या हातात दिलं. मुलगा की मुलगी हे मी विचारलं नाही. आधी कपडा सोडला.

"आजी, गारठा लागन ना तिले!"

एक पाय मी सरळ केला, तो पोरीने झटक्याने ओढून घेतला. मग मी दुसरा धरला.