भिंतीवरच्या बाईचे पाच एकर

परभणीच्या आमच्या ऑफिसात भिंतीवर एका बाईचा कागद चिकटवलेला होता आणि मी त्या बाईवर जळत होते. जगात नसलेल्या बाईवर जळणं मूर्खपणाचं, हे कळत होतं. शिवाय तिला जन्माला घातलं होतं मीच.

आम्ही शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप बनवत होतो. उद्या पाऊस आहे का, फवारणी करावी का, कापूस कधी वेचावा, असं सांगणारं. आमची टीम लीड पुण्याची. ती म्हणाली, "डोळ्यांसमोर एक माणूस ठेवून काम करायचं. कल्पनेतलं, पण खरं वाटणारं. याला पर्सोना म्हणतात. तू इथली आहेस, तूच लिही."

मी कार्ड लिहिलं. वय पंचेचाळीस, चौथी पास, कष्टाळू, डोळे अधू. सगळं माझ्या आईचं. गाव तेवढं राणीसावरगाव टाकलं. 'शेती' या रकान्यापाशी हात थांबला. आईकडे एक गुंठाही नाही. चुडाव्याच्या आसपास ती लोकांच्या रानात कापूस वेचते. रकाना रिकामा बरा दिसेना, म्हणून मी पाच एकर लिहिलं. वर इंटरनेटवरचा एक हसरा फोटो लावला. साडीला एक चुणी नाही.

मग रोज तेच. "तिला हा रंग आवडेल का?" "तिला एवढं बारीक दिसेल का?" माझ्या आईला चष्मा मिळायला तीन वर्षं गेली. कागदावरच्या बाईसाठी एका दुपारी अक्षरं मोठी झाली. आईला काय आवडतं, हे आजवर कुणी विचारलं होतं? मी तरी विचारलं होतं का?

मी पत्रकांवर वाढले. वडील मोर्चाचं, जयंतीचं पत्रक लिहायचे आणि छापायला देण्याआधी आईला वाचून दाखवायचे. तिला पटली नाही ती ओळ खोडायचे. खाडाखोड न होता छापलेलं एकही पत्रक मला आठवत नाही. हे कार्ड मात्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं.

ॲप चालू लागलं तेव्हा एका रविवारी मी तिच्या हातात फोन दिला. पहिलाच प्रश्न आला : शेती किती एकर? मी शून्य दाबलं. लाल अक्षरं उमटली : योग्य आकडा भरा.

"काय म्हणायलंय?"

"शेत किती हाय म्हणून विचारायलंय."

"न्हाई म्हण की."

"न्हाई चालत न्हाई त्याला."

पुढे जाताच येईना. मग मी तिला फोनमधलं ते कार्ड वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती, पाच एकरापाशी हसली.

"हिला कुणी दिलं गं शेत?"

"मी."

"बरी हायस. मला जन्मात एक गुंठा न्हाई भेटला, हिला बसल्या जागी पाच एकर!" मग म्हणाली, "आन् हिच्या रानात वेचायला कोण जातंय?"

मी फोन खाली ठेवला.

"मीच की," ती म्हणाली.

सोमवारी मी टीम लीडला सांगितलं, शून्य चाललं पाहिजे. ती म्हणाली, "अगं, पण जिला शेतच नाही तिला शेतीचं ॲप कशाला?"

"पावसाचा अंदाज चुकला तर शेतवाली घरी बसते. वेचणारी मात्र तीन कोस चालून रिकामी परत येते," मी म्हणाले. आवाज चढला होता. चढू दिला.

ती कार्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुसरं कार्ड लिही."

त्या संध्याकाळी मी ते आधी आईला वाचून दाखवलं. तिने 'कष्टाळू' काढायला लावलं. "हौसेनं करायलेय का मी?" 'स्वतःचा मोबाइल'ही काढला, आमच्या घरचा एकच फोन माझ्यासोबत परभणीला जातो. शेती : शून्य. फोटोच्या जागी काही लावलं नाही.

पंधरा दिवसांनी आईने स्वतःच्या बोटाने शून्य दाबलं आणि पुढचा पडदा उघडला : उद्या दुपारनंतर पाऊस.

"आन् ती पाच एकरवाली? काढली का भिंतीवरून?"

"न्हाई. पण काढणार हाय." दोन्ही कार्डं शेजारी होती आणि सगळ्यांचे डोळे अजून आधी त्या हसऱ्या फोटोवरच जायचे. मला ते सहन होत नव्हतं.

"राहू दे," आई म्हणाली. "तिचं रान हाय म्हणून तर आपल्याला काम हाय."