पाव्हण्याची कात

भाऊ कुठल्याही वस्तूला तळहात लावत नसत. हात उलटा करायचे आणि बोटांची मागची बाजू टेकवायचे, तीही अशी अलगद, जशी माशी बसावी. क्षणभर थांबून निकाल द्यायचे, "ओल हाय," नाहीतर, "ओल गेली." तिसरा निकाल नसे.

शाडूच्या कामाला हे लागतंच. मूर्ती घडत असते तोवर तिच्यातली ओल धरून ठेवावी लागते. भराभर सुकली की तडा जातो, आणि कानामागे गेलेला तडा बघता बघता सोंडेपर्यंत येतो. म्हणून आमच्या पेणच्या कारखान्यात काम थांबलं की प्रत्येक मूर्तीवर ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक घालायचं. पण भाऊंचा हात मातीपाशी थांबत नसे. भाकरी, दोरीवरचे कपडे, एसटीची सीट, शेजारणीच्या बाळाचं कपाळ, सगळ्याला उलटा हात. माझ्या नवऱ्याने एकदा हौसेने नवा दरवाजा करून आणला. भाऊंनी बोटं टेकवली आणि म्हणाले, "हे अजून झाडच हाय गो." पावसाळ्यात दरवाजा असा फुगला की आम्ही चार महिने तो खांद्याने ढकलून उघडत होतो.

मी त्यांच्याकडे आखणी करायची, म्हणजे मूर्तींचे डोळे काढायची. माझं माहेर हमरापूर, तिथे मुली पाटीच्या आधी ब्रश धरतात. भाऊ मला बाकी कशावरूनही बोलायचे, डोळ्यांवरून कधी नाही. मीही त्यांना सगळ्यावरून चिडवायची, पण ओलीच्या बाबतीत तोंड उघडायची नाही. असा आमचा करार होता.

भाऊंना बायको नव्हती, ती मुलीच्या लहानपणीच गेली. ती एकुलती एक मुलगी पुण्यात कंपनीत होती. तिने तिथे साप पाळलाय हे कळलं तेव्हा भाऊंनी फोनवर एवढंच सांगितलं, "घरी येशील तेव्हा एकटी ये." ती दोन गणपतींना आलीच नाही. भाऊ कुणाला काही बोलले नाहीत, पण त्या दोन्ही वर्षी घरचा गणपती त्यांनी इतका लहान केला की ताम्हणात मावावा.

पुढल्या होळीच्या सुमारास ती काचेची पेटी घेऊनच दारात उभी राहिली. कंपनी तिला काही महिने परदेशी पाठवत होती. "बाबा, दुसऱ्या कुणावर टाकू शकत नाही मी याला," ती म्हणाली. भाऊ दारातून बाजूला झाले. मला वाटतं, पेटीत वाघ असता तरी झाले असते.

साप अजगराच्या जातीतला, बाहेरदेशचा, बिनविषारी. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होती. लांबीला दोन-अडीच हात. स्वभावाने असा लाजाळू की कुणी जवळ आलं की वेटोळं घालून मध्ये डोकं लपवायचा, बायका हंड्याखाली घेतात त्या चुंबळीसारखा. भाऊ त्याला पाव्हणा म्हणायचे.

मुलीने पेटीत हवेतली ओल मोजायचा छोटा मीटर चिकटवला होता. जाताना तिने नीट समजावलं, काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि वरही जाऊ द्यायचा नाही. भाऊंनी त्यातलं अर्धंच ऐकलं. ज्या माणसाने जन्मभर तड्याची भीती बाळगली, त्याला वरचं टोक कसं ऐकू येणार?

पाव्हण्याची भाऊंना आधी लाजच वाटायची. गणपतीचा कारखाना आणि मागच्या खोलीत साप, गिऱ्हाईक काय म्हणेल? पेटीवर ते कापड टाकून ठेवायचे. आतल्या दिव्याचा उजेड कुणाला दिसलाच तर सांगायचे, "रंग सुकवायची पेटी हाय." त्याहून पंचाईत त्याच्या जेवणाची. मुलगी बर्फात ठेवलेले उंदीर देऊन गेली होती. भाऊ स्वतः सोमवारी सुकटही खायचे नाहीत, पण पाव्हण्याचा वार चुकवता येत नव्हता. त्या दिवशी मूर्तीच्या पायाशी उंदीर बसवायचं काम ते दुसऱ्याला द्यायचे. "माझी कंबर दुखते," म्हणायचे. आम्ही सगळे खाली बघून हसायचो.

उन्हाळ्यात पाव्हण्याने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. दिव्याच्या उष्णतेने पेटी कोरडी पडली होती. मीच आधी पाहिलं की त्याच्या एका डोळ्यावर जुना पडदा तसाच राहिलाय. सापाला पापणी नसते, डोळ्यावर काचेसारखा खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघायला हवा. भाऊंनी ते तुकडे हातात घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या घरात तडा गेला," ते म्हणाले.

मग त्यांनी पेटीत ओलं गोणपाट अंथरलं. ते रोज भिजवायचे आणि रोज उलटा हात लावून बघायचे. पुढची कात अख्खी निघाली, पायमोजा काढावा तशी. डोळ्यावरचा जुना पडदाही सुटला. भाऊंनी ती कात कारखान्यातल्या खिळ्याला टांगली. ज्यांच्यापासून पाव्हणा लपवला होता त्यांनाच आता बोलावून दाखवू लागले. मीटर काढून खिडकीत ठेवला. मी म्हटलं, "अहो, पोरीने लावलाय तो." तर म्हणाले, "ह्याला काय कळतंय? ह्याला कातडी हाय काय?"

पाऊस लागला. पेणच्या पावसात काड्यापेटीतली काडी ओढली तर शेंदरासारखा नुसता ओघळ येतो. भाऊ तरीही रोज गोणपाट भिजवत होते.

आषाढ संपत आला तेव्हा त्यांचं बोलणं कमी झालं. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की पाव्हण्याची पाठ दाखवायचे. ती म्हणायची, "बाबा, पोट दाखवा ना." हे म्हणायचे, "नेटवर्क नाय गो," आणि फोन मातीच्या ढिगाकडे वळवायचे. एकदा मी कारखान्यात असताना तिने विचारलं, नवी कात कशी निघाली. भाऊंनी खिळ्यावरची जुनीच दाखवली. "बघ, अख्खी." मी ब्रश पाण्यात बुडवून उगाच ढवळत राहिले. पोरीशी खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा बघणाऱ्यालाच कुठे जावं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन पाव्हण्याला हलकेच उताणं केलं. पोटाचे खवले तपकिरी पडले होते, मध्ये मध्ये फोड होते. "रोह्याला जनावरांची डॉक्टरीण हाय, साप बघते म्हणतात," ते म्हणाले. "तू चल. माझ्यानं एकट्यानं सांगवायचं नाय."

पाव्हण्याला सुती उशीच्या खोळीत घालून टोपलीत ठेवलं आणि वरून जे हाताशी होतं ते कापड घातलं. हाताशी होतं ते गिऱ्हाइकाला मूर्ती देताना झाकायचं लाल कापड. आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही की गणपती महिन्यावर आलेत, आणि पेणच्या स्टेशनावर मातीच्या हातांचा माणूस लाल कापडाखाली काही जपून नेताना दिसला तर लोक काय समजणार.

गाडीत लोकांनी उठून जागा दिली. "देवाला खिडकीपाशी घ्या," कुणीतरी म्हणालं. समोर एक म्हातारी बसली होती, रोह्याच्या अलीकडे निडीला उतरणारी. तिने विचारलं, "रोह्याला नेताव काय?"

"व्हय," भाऊ म्हणाले. तेवढंच ते खरं बोलले.

म्हातारीने पिशवीतून जास्वंदीचं फूल काढून कापडावर ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. शेजारच्या दोघांनीही जोडले. तेवढ्यात कापड आतून हललं. भाऊंनी त्याच्यावर हात ठेवला, उलटा नाही, सबंध तळहात. मी घाईने म्हणाले, "गाडी लय हलते आज." मला हसू आवरत नव्हतं. पण भाऊंकडे पाहिलं आणि ते जिरलं. त्यांचे कान तांबडे झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. निडीला म्हातारी उतरताना पुन्हा टोपलीला हात लावून तो कपाळाला लावून गेली.

गाडी सुटल्यावर भाऊ म्हणाले, "माझ्या चुकीला हात जोडले गो तिनं."

डॉक्टरीण वयाने भाऊंच्या मुलीएवढीच. तिने पाव्हण्याला उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, तळ ओला असायचा का. मी बोलायला गेले, "यंदा पाऊसच इतका..." भाऊंनी मला हाताने थांबवलं. "पाऊस नाय. मी ओला ठेवला. रोज."

तिने समजावलं, ओल हवेत हवी, अंथरूण कोरडं हवं. पेटीत वर्तमानपत्र घाला. एका डब्याला भोक पाडा, त्यात ओलं शेवाळ भरा आणि तो कोपऱ्यात ठेवा. सापाला हवं तेव्हा तो आत जाईल, नको तेव्हा बाहेर येईल. मग कागदावर मलम लिहिता लिहिता सहज हसून म्हणाली, "पेणचे ना तुम्ही काका? मूर्ती कधी पाण्यात ठेवता का?"

तिच्या मनात काही नव्हतं. पण मूर्तीच्या बैठकीखाली पाणी साचू दिलं म्हणून भाऊंनी चांगला कसबी कारागीर कामावरून काढलेला मी पाहिला होता. भाऊ मान खाली घालून "नाय" म्हणाले. परतीच्या गाडीची वाट बघताना ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. "हाताला ओल रोज लागत होती," म्हणाले. "जास्त झाली काय, ते मी त्याला इचारलंच नाय. कात निघाली त्याचाच माज चढला."

मुलीला सांगा, असं मी रोज म्हणायची. ते "उद्या" म्हणायचे. शेवटी गणपतीला चार दिवस असताना तीच न कळवता आली. भाऊ पायरीवर होते. तिने बॅग खाली ठेवायच्या आतच म्हणाले, "पाव्हण्याचं पोट नासवलं मी. तुला खोटी कात दाखवली." दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

ती आत गेली, पोट पाहिलं. फोड सुकत आले होते. बाहेर आली ती चिडलेलीच होती. "मीटर दिला होता ना बाबा मी? आणि विचारलं तेव्हा सांगायचं होतं. त्याला काही झालं असतं तर?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "तू ने त्याला. माझ्या हातात नको ठेवूस."

ती पुन्हा आत गेली, भाऊ मागोमाग. मग खिडकीतला मीटर उचलून तिने परत पेटीत लावला. "मी नेत नाही," म्हणाली. "तुम्हीच बघायचं. मी महिन्याला येईन."

ती खरोखर महिन्याला येऊ लागली. पाव्हणा बरा झाला. भाऊ मात्र झाले नाहीत, म्हणजे आधीसारखे झाले नाहीत. मूर्तीसमोर उभे राहायचे आणि मला हाक मारायचे, "बघ गो, ओल हाय काय?" डोळे काढणाऱ्या बाईला ओल विचारायची वेळ त्यांच्यावर आलेली मला बघवत नसे. मी "हाय" म्हणायची आणि पळायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी लवकर परतले, तर भाऊ एकटेच होते आणि एका मूर्तीच्या गालाला उलटा हात लावून उभे होते. मला पाहताच त्यांनी हात असा काढून घेतला, जणू चोरी करताना सापडलेत. मी बाहेर गेले, खोकले आणि मग आत आले.

यंदा वैशाखात पाव्हण्याचे डोळे दुधाळ निळे झाले. कात यायची असली की तसे होतात. भाऊंनी मला बोलावलं. आधी मीटर पाहिला, मग अंथरुणाचा कागद. मग डब्यातलं शेवाळ थोडंसं भिजवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच बघा." ते जरा घुटमळले. मग पुष्कळ दिवसांनी माझ्यासमोर त्यांनी हात उलटा केला आणि डब्यात टेकवला. "ओल हाय," म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

त्यानंतर दोन दिवसांनी भाऊ झोपेतच गेले.

मुलगी आली. घर माणसांनी भरलं, पेटीकडे कुणी फिरकलं नाही. सगळं आवरून झाल्यावर ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. पाव्हणा पेटीत नव्या कोऱ्या कातडीने बसला होता. तिने डब्याचं झाकण उघडलं. आत शेवाळावर कात होती, अख्खी. मी आधी डोळे शोधले, मला तेच कळतं. दोन्ही होते, गोल आणि स्वच्छ, कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

मुलीला मी कधी कशाला हात लावून बघताना पाहिलं नव्हतं, ती मीटरवाली. तिने हात उलटा केला, बोटांची मागची बाजू कातीला टेकवली आणि क्षणभर थांबली.

"काकी," ती म्हणाली, "अजून ओल हाय."