उशाखालचा हिरा

हिरा सगळ्यांनाच लाभत नाही, असं आमच्याकडं मानतात. घ्यायच्या आधी आठ दिवस उशाखाली ठेवून झोपायचं. घरात वाईट काही घडलं नाही तर ठेवायचा, नाहीतर मुकाट परत करायचा. ह्या रीतीपायी माझं लग्न मोडायला आलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ग्राइंडिंगवर होतो. इस्लामपूरजवळच्या एका गावातली मुलगी बघायला गेलो, तर तिनंच मला विचारलं, "मशिनीवर काम करता, बोटं शाबूत हायत न्हवं?" मी दहाही बोटं पुढं केली आणि तिथंच खलास झालो.

वडिलांनी पलटणीतनं येताना आईसाठी हिऱ्याची अंगठी आणली होती. ती आईनं होणाऱ्या सुनेसाठी पाठवली. मुलीच्या वडिलांनी ती रीतीप्रमाणं तिच्या उशाखाली ठेवायला लावली. चौथ्या दिवशी ते स्वतःच माळ्यावरनं पडले, पाय मोडला. लगेच निरोप आला, अंगठी घेऊन जावा, सोयरीकबी राहू द्या.

मी असा भडकलो म्हणता! टूलरूममधली हिऱ्याची चिमूटभर पूड सुपरवायझरकडनं मागून घेतली, पुडी बांधली आणि सकाळची पहिली एसटी पकडली.

मुलीचे वडील, म्हणजे आमचे होणारे मामा, खाटेवर प्लॅस्टरचा पाय पसरून बसले होते. त्यांच्यापुढं मी पुडी सोडली. पिवळट, वाळूसारखी पूड. "मामा, हे सगळे हिरे हायत. माणसानं केलेले."

आणि सुटलोच. जमिनीच्या पोटात, उष्णतेनं आणि दाबानं कार्बनचा हिरा होतो, ज्वालामुखीबरोबर वर येतो. कारखान्यात पेन्सिलीतल्या शिशासारखं काळं ग्राफाइट घेतात, धातूबरोबर तापवतात, आणि धातू वितळला की राक्षसी दाबाखाली त्याचेच बारीक हिरे बनतात. तेही अस्सलच, तितकेच कडक. "आमच्या धार लावायच्या एकेका चाकात असे हजारो असतात. ते कुणाला लाभतात आन कुणाला बाधतात?"

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे मशिनीतबी खरा हिरा निगतो?"

"व्हय."

"मग ह्या अंगठीतला मशिनीतला न्हाई कशावरनं?"

झालं! घेतला मी माझ्याच पायावर धोंडा पाडून. एवढा मोठा, स्वच्छ खडा यंत्रात करायचा तर खाणीतल्यापेक्षा महाग पडतो, मग कोण कशाला करतंय, असं मी सांगू लागलो. पण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो का, ह्यावर मला खरं तेच बोलावं लागलं. नाही येत. ते बोलताना मलाच चमत्कारिक वाटलं. एक हिरा मागणीप्रमाणं तयार होतो, दुसरा युगानुयुगं अंधारात पडून राहतो, आणि हातात घेतल्यावर दोन्ही सारखेच. मग आपण जपतो ते नेमकं काय? इकडं मामांचं तोंड वाकडं होत चाललं होतं. पोरगी हातची गेली असं धरून मी पुडी परत बांधायला घेतली.

तेवढ्यात ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "आबा, तुमी पडलासा त्या दिशी अंगठी घरात नव्हतीच. माधवनगरला मावशीकडं जाताना मी बोटात घालून गेलती."

"लगीन ठरायच्या आदीच घातलीस?" मामा गरजले. ती खाली मान घालून उभी राहिली. मामांनी प्लॅस्टरचा पाय नीट सरकवून घेतला. मग म्हणाले, "घरात नव्हता म्हंजे त्या हिऱ्याचा दोस न्हाई. च्या टाक पावण्यास्नी." माझ्या सगळ्या शास्त्रानं जे झालं नव्हतं ते तिच्या एका वाक्यानं झालं.

लग्नानंतर वर्षभरानं साताऱ्याच्या खोलीत मी तिला चिडवलं, "एवढी घाई झाली होती व्हय अंगठी घालायची?"

ती भाकरी थापत होती. "कुठली घाई? उशाखालीच हुती ती. आबा पडल्यावर लय भ्याले मी. पर तुमी पुडी सोडून बोलायलाच बसलासा. म्हनलं, ह्यो मानूस शिकवत शिकवत हातचा जातोय."

मी ताट पुढं ओढलं. मग विचारलं, "आणि आता? भीती गेली?"

"न्हाई," ती म्हणाली. "घरी यायला तुमाला उशीर झाला की अजूनबी भ्या वाटतं. पर अंगठी काढत न्हाई."