दवाईचं पाणी, दोन कॅन

बातमी छापून आली की संपते. जे छापता येत नाही, तेच वर्षानुवर्षं डोक्यात साचत जातं. माझ्याकडचा सर्वांत मोठा साठा नागपूरच्या एका कॉलेजातल्या केमिस्ट्री लॅबचा आहे. तिथे वैशाली पीएच.डी. करत होती. विषय: सांडपाण्यातले औषधाचे रेणू मातीच्या कणांना कसे चिकटतात. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. तिसरी मिळणार नव्हती.

*

रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या नाल्यातून अँटिबायोटिक वाहतं, असं मी लिहिलं. मॅनेजर फोनवर तणतणला, आमचं पाणी एकदम शुद्ध आहे. मी म्हटलं, येतो, दोघं मिळून एकेक ग्लास पिऊ. तर म्हणतो, "मी बाटलीचंच पितो."

*

मग वैशाली त्याच नाल्याचं पाणी आणायला गेली, सोबत मी. निघताना वॉचमननं अडवलं. गेट पासशिवाय आवारातून काहीच बाहेर जात नाही म्हणे! मी भांडायला बाह्या सरसावल्या, तोवर त्यानं पास लिहूनही टाकला: 'दवाईचं पाणी, दोन कॅन.' खाली हॉस्पिटलचा शिक्का. तो पास मी पहिल्या पानावर छापला. मॅनेजरचा फोन पुन्हा आला नाही.

*

माती पाण्यातलं औषध धरून ठेवते, असं मी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. डेस्कवरच्या विद्वानानं मथळा दिला, 'माती हेच औषध!' दुसऱ्या दिवशी लॅबबाहेर रांग. एक आजी डबाच घेऊन आल्या. वैशालीनं अर्धा तास समजावलं की ही माती औषध देत नाही, उलट ओढून घेते. आजींनी शांतपणे ऐकलं.

"मंग गुडघ्यातलं दुखणं ओढते का वं?"

*

प्रयोग साधा होता. एका बीकरमध्ये माती टाकायची, दुसऱ्यात नाही, आणि फरक मोजायचा. पण बिनमातीच्या बीकरमधलंही औषध गायब होऊ लागलं. दोन महिने हेच. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी कळलं की बीकर धुणाऱ्या शांताबाई कोराडीच्या वीजकेंद्रातून राखेची पिशवी आणतात. साबणावर त्यांचा विश्वास नाही. राख तळाशी राहायची आणि तीही औषध पकडायची. गाईड सर बाईंवर बरसले.

"मले काहून बोलता?" बाई म्हणाल्या. "माह्या राखेनंच होते, त मातीचं काय काम हाय?"

वैशालीनं प्रबंधात राखेचं एक प्रकरण वाढवलं.

*

व्हायव्हाला बाहेरगावचे परीक्षक आले, तेही आदल्या दिवशी जाळ तिखट सावजी मटण खाऊन. चेहरा पार उतरलेला.

"बेटा, या सगळ्याचा उपयोग काय?"

पहिलाच प्रश्न, आणि वैशाली उत्तरासाठी प्रबंधाची पानं उलटू लागली. सर खिडकीबाहेर बघू लागले. इतक्या वर्षांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती. परीक्षकांनी सुस्कारा सोडला, बॅगेतून अँटिबायोटिकची कॅप्सूल काढली, पोटासाठीची पांढऱ्या मातीची पुडी ग्लासात कालवली आणि कॅप्सूल तोंडाजवळ नेली.

"सर, थांबा. दोन्ही एकदम नका घेऊ."

"का?"

वैशाली उठली ती थेट फळ्याकडे. कॅप्सूलमधलं औषध रक्तात जाण्याआधीच ही माती त्याला पोटात कसं धरून बसेल, हे तिनं रेणूंची चित्रं काढून सांगितलं. पाऊण तास. तोवर परीक्षक कॅप्सूल हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली, फॉर्म ओढला, सही केली.

"मॅडम, आता यातलं आधी काय घेऊ?"